हाक मारली असती तर

डॉरीनबाईंनी सुकत आलेला मार्कर दोनदा झटकला, फळ्यावरचं वाक्य पुरं केलं आणि चष्म्यावरून वर्गाकडे पाहिलं. इंग्रजी वाक्य होतं : मला बस मिळाली असती, तर मी वेळेवर आले असते.

"बस मिळाली का मला?"

"नाही!" सहा जणांनी एका सुरात सांगितलं.

"वेळेवर आले का मी?"

"नाही!"

"आता बघा. वाक्यात 'नाही' कुठे दिसतंय? कुठेच नाही. पण दोन 'नाही' पोटात घालून बसलंय ते. 'इफ'नंतर 'हॅड' दिसलं आणि पुढे 'वुड हॅव' दिसलं, की खुशाल समजायचं, यातलं काहीएक घडलेलं नाही."

"घडलंच नाही तर बोलायचं कशाला, बाई?" मागच्या खुर्चीवरून प्लामेनने विचारलं. हा बल्गेरियाचा. कोबी पॅक करण्याच्या शेडमध्ये कामाला होता आणि वर्गाला तो शिकायला कमी, गप्पा मारायला जास्त येत असे.

"माणसं आयुष्यभर दुसरं बोलतात काय? चल, तूच एक सांग."

प्लामेनने छताकडे पाहिलं. बोटांवर क्रियापदं मोजली. "मी बायकोचं ऐकलं असतं, तर मी हॉटेल काढलं असतं."

"अरे वा! ऐकलंस का?"

"नाही!" वर्ग ओरडला.

"काढलंस का?"

"नाही!"

"बायको तरी आहे का?" शेजारच्या पोर्तुगीज बाईने हळूच विचारलं.

"ती पण नाही," प्लामेन म्हणाला, आणि चर्चच्या त्या मागच्या खोलीत एकच हशा पिकला. डॉरीनबाईही हसल्या. दर मंगळवारी दहा ते बारा हा वर्ग चाले. बाई गावातल्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झाल्या त्याला आता अकरा वर्षं झाली होती. पण शिकवणं काही सुटलं नव्हतं. शेतांवर, शेडमध्ये, गोदामांत राबणारी ही परदेशी माणसं त्यांना 'बाई, बाई' करत, आणि त्यांना ते आवडे.

एकच जण हसली नव्हती. हालिना पट्टीने रेघ मारून ते बसचं वाक्य वहीत उतरवत होती. पोलंडची ही पंचेचाळिशीची बाई कालव्याकाठच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांची सेवा करायची. जुलैच्या शेवटी तिची इंग्रजीची परीक्षा होती. पास झाली तर तिथल्या एका मजल्याची मुख्य होणार होती. तिला या वर्गात डॉरीनबाईंनीच आणलं होतं, अक्षरशः हाताला धरून. त्यामागे एक कारण होतं, आणि ते कारण म्हणजे हालिनाचंच एक वाक्य होतं.

क्लिफ बिंग्ली गेल्या नोव्हेंबरात गेला. शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमारास. त्याआधी सव्वा वर्ष तो त्या वृद्धाश्रमात होता. त्याच्या डोक्यात रक्ताची गाठ झाली आणि तेव्हापासून त्याला कुणीच आठवेनासं झालं, बायकोसुद्धा. डॉरीनबाई रोज दुपारी दोन वाजता जायच्या, त्याला चहा पाजायच्या, आणि चहा संपला की तो मोठ्या अदबीने म्हणायचा, "थँक यू, मॅडम." बेचाळीस वर्षं हाच माणूस बागेतल्या शेडमधून 'डोरी, डोरी' करून घर डोक्यावर घ्यायचा. पाना सापडत नाही, डोरी. चहा कुठंय, डोरी. हे नाव जगात त्याच्याशिवाय कुणी घेत नव्हतं. आईने ठेवलेलं नाव डॉरीन, शाळेत मिस आणि मग मिसेस बिंग्ली, बहिणीसाठी डॉट. डोरी फक्त त्याची. आणि आता मॅडम! त्या घरी येऊन कपबशा आपटायच्या.

त्या शुक्रवारी बारा वाजता वृद्धाश्रमातून फोन आला आणि बाई पोचल्या तेव्हा क्लिफला चादर नीट घालून ठेवलं होतं. मॅनेजरबाईंनी सांगितलं की अगदी शांतपणे गेले. शांतपणे, हे तर सगळ्यांनाच सांगतात. शेवटी त्याच्याजवळ होती हालिना. बाईंनी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं. अंगातला कोटही काढला नव्हता.

"जाताना त्याने मला हाक मारली का गं?"

तेव्हा हालिनाला इंग्लंडात येऊन सहाच महिने झाले होते. तिने शब्द जुळवले आणि म्हणाली, "तो हाक मारतो तर मी फोन करते तुम्हाला."

आता, डॉरीनबाईंची एक खोड होती. चुकीचं वाक्य कानावर पडलं की त्यांना भातात खडा लागल्यासारखं व्हायचं, आणि खडा काढूनच त्या घास गिळायच्या. खाटकाच्या दुकानातली पाटी, पाद्रींचं प्रवचन, काहीही असो. दुरुस्ती मनातल्या मनात, आपोआप व्हायची. त्या दिवशीही झाली. त्याने हाक मारली असती, तर मी तुम्हाला फोन केला असता. म्हणजे मारली नाही. म्हणजे केला नाही.

"थँक यू," बाई म्हणाल्या होत्या, आणि त्यांनी तिला मिठी मारली होती.

तेच वाक्य घेऊन त्या आठ महिने जगत होत्या. त्यात एक दिलासा होता : त्याने वाट पाहिली नाही, आपण त्याला ताटकळत ठेवलं नाही. पण तो दिलासा दिवसाच पुरे. रात्री त्यांना त्याचा राग यायचा. साधासुधा नाही, नवऱ्यावर येतो तसा सणसणीत राग. बेचाळीस वर्षं संसार केला, आणि जाताना एकदा, एकदा नाव घेता येऊ नये? अंत्यविधीवाल्याने तीनदा कळवलं की राख घेऊन जा. बाई गेल्या नाहीत. रुसवा मेलेल्या माणसावरही धरता येतो, आणि तो काढायला कुणी येत नाही.

बारा वाजले. प्लामेनने बिस्किटांची उरलेली पुडी उचलली, "बाई, मी अभ्यास केला असता, तर तुम्ही मला ही दिली असती," असं म्हणून ती खिशात घातली, आणि बाईंनी त्याला हातानेच हाकललं. बाकीची माणसं बसस्टॉपकडे गेली. हालिना वही घेऊन बाईंच्या टेबलाशी आली.

"बाई, मला हे येत नाही," ती म्हणाली. "मी परीक्षेत पडते."

"पडशील. पडतेस नव्हे. आणि पडणार नाहीस. बस खाली. बघू."

वहीत गृहपाठाची पाच वाक्यं होती. पहिलं होतं : आई जिवंत आहे तर मी ख्रिसमसला घरी जाते.

"आई आहे का तुझी?"

"नाही. मागच्या वर्षी गेली."

"अरेरे." बाईंनी क्षणभर पेन खाली ठेवला. मग उचलला. "म्हणजे नाही, हे तुला माहीत आहे. मग 'आहे तर' कसं? 'आहे तर' म्हणजे असेलही, नसेलही, कुणाला ठाऊक. जे नाहीच, त्यासाठी 'असती तर'. आई असती, तर मी घरी गेले असते."

"असती तर," हालिनाने खालच्या आवाजात म्हटलं आणि दुरुस्ती लिहून घेतली. "बाई, आमच्या पोलिशमध्ये सोपं आहे. आम्ही बोलताना एक शब्द म्हणतो, 'याक'. आई आली तर, त्याला याक. आई आली तेव्हा, त्याला पण याक. मी इंग्लिशमध्ये सगळीकडे 'इफ' ठेवते. मग सगळे हसतात."

बाईंचं लक्ष त्या एका शब्दाकडे नव्हतं. त्या शिकवण्याच्या भरात आल्या होत्या. या बाईला समजेल असं उदाहरण द्यायला हवं, बसचं नको, हॉटेलचं नको. तिच्या स्वतःच्या तोंडचं हवं. आणि तसं एक त्यांच्यापाशी होतं. ते कुणापुढे काढावं असं त्यांना कधी वाटलं नव्हतं, पण आज वाटलं. इतक्या दिवसांनी ते बोलून टाकलं तर बरं वाटेल, असंही वाटलं.

"तुला आठवतं, क्लिफ गेला त्या दिवशी तू मला काय म्हणाली होतीस?"

हालिनाने मान वर केली.

"वाक्य चुकलेलं होतं, पण फार चांगलं होतं. मी तिथल्या तिथे मनात सुधारून घेतलं." बाईंनी वहीच्या कोऱ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलं : त्याने हाक मारली असती, तर मी तुम्हाला फोन केला असता. "हे बघ. हे आहे ते. आता मी विचारते तसं उत्तर दे. त्याने हाक मारली का?"

हालिना वाक्याकडे पाहत राहिली. तिचे ओठ हलत होते. एकेक शब्द ती बोटाने दाबून वाचत होती.

"हालिना? वर्गात म्हणतो ना आपण. त्याने हाक मारली का?"

"हो," हालिना म्हणाली.

"नाही गं. उत्तर 'नाही' असतं. 'हॅड' आहे बघ इथे. पुन्हा. त्याने हाक मारली का?"

"हो, बाई. मारली." हालिनाचा चेहरा उतरला होता. "हे वाक्य मी म्हटलं नाही. मी म्हटलं, तो हाक मारतो... तेव्हा मी फोन करते. तेव्हा. याक. मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं. तुम्ही थँक यू म्हणाला. मला वाटलं, तुम्हाला समजलं."

खोलीत चहासाठीच्या गरम पाण्याच्या पिंपाखालचा दिवा तेवढा लागलेला होता. बाईंनी उगाचच उठून तो बंद केला आणि परत येऊन बसल्या.

"काय हाक मारली?" त्यांनी विचारलं. "मॅडम म्हणाला?"

"नाही, मॅडम नाही. मला आधी समजलं नाही. तो म्हणत होता, डोर, डोर. मला वाटलं दार. मी दार उघडलं. तो परत म्हणतो. मी दार बंद केलं. तो रागावला." हालिनाने डोळे पुसले आणि तरीही तिला हसू आलं. "खूप रागावला, बाई. हात असा आपटला. डोरी! डोरी! मग मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, ही डोरी कोण? कुणाला माहीत नाही. मग मी फाइल बघितली. डॉरीन. मला समजलं."

डॉरीनबाईंनी दोन्ही तळवे तोंडावर दाबले. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा की रडण्याचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. रागावला! हात आपटला! पाना सापडला नाही की असाच आपटायचा. म्हणजे तो होता. शेवटच्या सकाळी क्लिफ परत आला होता, सबंध, रागासकट, आणि त्याला आपणच हव्या होतो.

"किती वेळा?" त्यांनी अधाशासारखं विचारलं. "किती वेळा म्हणाला?"

"खूप वेळा. मोजलं नाही."

"मोठ्याने?"

"हो. शेजारच्या खोलीतल्या आजी म्हणाल्या, त्याला गप्प करा."

"मेला," बाई म्हणाल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही. आठ महिन्यांचा रुसवा कुठल्या कुठे गेला होता. "मेला, शेजाऱ्यांची पर्वा त्याला कधीच नव्हती. मग? मग काय केलंस?"

"मग मी फोन केला. तुमच्या घरी. फाइलमध्ये तोच नंबर होता. खूप वाजला, कुणी उचलला नाही. मी परत गेले, त्याला सांगितलं, डोरी येते. तो गप्प झाला. दाराकडे बघत होता. मी परत जाऊन फोन केला. परत खूप वाजला."

"किती वाजता?" बाईंनी विचारलं. हा प्रश्न त्यांनी का विचारला ते त्यांना कळलं नाही.

"साडेदहा. दुसरा पावणेअकरा."

त्या शुक्रवारी साडेदहा वाजता डॉरीनबाई स्वयंपाकघरात गुडघे टेकून ओव्हन घासत होत्या. कोपरापर्यंत रबरी हातमोजे, त्यांवर काळा राप. दिवाणखान्यात फोन वाजला. त्या महिन्यात खिडक्या विकणारी माणसं रोज याच वेळेला फोन करून पिडत. 'वाजू दे मेला,' असं त्या मोठ्याने म्हणाल्या होत्या. तो थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजू लागला, तेव्हा त्यांनी एक हातमोजा काढला, रेडिओचा आवाज वाढवला, आणि तो पुन्हा चढवला.

आठ महिन्यांत हे त्यांना एकदाही आठवलं नव्हतं. आठवायचं कारणच नव्हतं. त्याने हाक मारलीच नव्हती ना. मग फोन कुणी केला असता?

"किती वेळ..." बाईंनी विचारलं. "किती वेळ बघत होता दाराकडे?"

"थोडाच वेळ," हालिना पटकन म्हणाली. मग ती खोटं बोलणारी बाई नव्हती म्हणून म्हणाली, "अकरा वाजेपर्यंत."

बाहेर प्लामेनचा हसण्याचा आवाज आला. त्यांची बस अजून आली नव्हती. डॉरीनबाई वहीतल्या त्या ठळक वाक्याकडे पाहत होत्या. अक्षर सुरेख होतं. क्रियापदं जिथल्या तिथे होती. त्यांना ते वाक्य खोडावंसं वाटलं, पण हात उचलला गेला नाही.

हालिनाला वाटलं, आपल्या हातून फार मोठी चूक झाली. या बाईने आपल्याला शिकवलं, आपल्यासाठी अर्ज भरले, आणि आपण तिला आठ महिने भलतंच समजू दिलं. काहीतरी बोलायला हवं होतं. आणि ते या बाईपुढे मोडकंतोडकं बोलून चालणार नव्हतं; आज तरी नाही. तिने बाईंच्या समोरून वही आपल्याकडे ओढली, पेन घेतला आणि लिहायला लागली. एक शब्द लिहिला, खोडला. बोटांवर मोजलं. पुन्हा लिहिला.

"बाई," हालिना म्हणाली, "तुम्ही दुकानात गेला होता. मला तेव्हाच समजलं. तुमची चूक नाही. ऐका." तिने वही दोन्ही हातांनी धरली आणि सावकाश, एकेका क्रियापदावर थांबत वाचलं : "तुम्ही घरी असतात, तर तुम्ही फोन उचलला असता, आणि तुम्ही लगेच आला असतात."

वाचून झाल्यावर तिने वर पाहिलं. रडून लाल झालेल्या तिच्या डोळ्यांत एक भीतभीत आशा होती, कारण आपल्याला हे जमलं आहे असं तिचं तिलाच जाणवलं होतं. तिने वही बाईंच्या पुढ्यात सरकवली.

डॉरीनबाईंनी वाक्य वाचलं. 'हॅड' जागेवर होतं. 'वुड हॅव' जागेवर होतं, दोन्हीकडे. स्वल्पविरामसुद्धा. त्यांनी ते पुन्हा एकदा, पहिल्या शब्दापासून वाचलं, आणि त्याला फार वेळ लागला.

"बरोबर आहे, बाई?" हालिनाने विचारलं. "का काही चुकलं?"

"नाही," डॉरीनबाई म्हणाल्या. "वाक्यात काही चूक नाही."